स्लाव लोकांतील पिशाचें व त्यांचा लेखी पुरावा

(१) विषयप्रवेश

युरोपच्या मध्य, पूर्व व आग्नेय भागांत पसरलेल्या रशियन, युक्रेनी, बेलारूसी, पोल, चेक, स्लोव्हाक, सर्ब, क्रोआट, स्लोव्हेन, बल्गार इत्यादि लोकांस त्यांच्या भाषांच्या एककुलत्वावरून स्लाव ही सामान्य संज्ञा आहे. या लोकांच्या समजुतींत घर, कोठार, न्हाणीघर, रान, शेत, नदी, पाणचक्की यांपैकीं एकही जागा अदृश्य धन्यावांचून रिकामी नाहीं. या योनींविषयीं आज इतकें लिहिलेलें आढळतें कीं, नुसतीं नांवें गोळा केलीं तरी एक कोश व्हावा. परंतु त्यांतील किती मजकूर मूळच्या लोकसमजुतीचा, किती धर्मोपदेशकांचा आणि किती अलीकडील लेखकांच्या कल्पनेचा, हें ठरविण्याचें काम जुन्या लेखांची पारख करणारांचें आहे. त्या दृष्टीनें या विषयाच्या मुख्य साधनांची छाननी प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

मूळची एक अडचण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. स्लाव लोकांत ग्रंथलेखन ख्रिस्ती धर्माबरोबर आलें. सिरिल व मेथोडिअस हे बंधु इ. स. ८६३ च्या सुमारास मोराव्हियांत गेले व त्यांच्या कार्यांतून स्लाव भाषेस पहिली लिपि मिळाली. कीव्हच्या व्लादिमिर राजानें बाप्तिस्मा घेतला तो इ. स. ९८८ च्या सुमारास. जुन्या धर्माच्या अनुयायांनीं स्वतःच्या हातानें लिहिलेला एकही ग्रंथ उपलब्ध नाहीं. जें कांहीं कळतें तें परकीयांच्या, प्रतिपक्षाच्या किंवा फार उशिरां आलेल्या संग्राहकांच्या लेखणींतून कळतें. फिर्यादीचें म्हणणें तेवढें दप्तरांत राहावें आणि प्रतिवादीची कैफियत गहाळ व्हावी, अशांतला हा प्रकार आहे.

(२) योनींचे दोन वर्ग

साधनांकडे वळण्यापूर्वीं या योनींचें थोडक्यांत वर्णन करणें अवश्य आहे. रशियन प्रदेशापुरती सर्वांत भरीव माहिती एकोणिसाव्या शतकांत गोळा झाली. व्लादिमिर दाल याचे १८४५-४६ मधील लेख, अलेक्सांद्र आफनास्येफ याचा १८६५ ते १८६९ या अवधींत तीन खंडांत निघालेला ग्रंथ, आणि सेर्गेइ माक्सिमोव्ह याचा १९०३ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ हीं तीन साधनें प्रमुख होत. यांपैकीं माक्सिमोव्हचा आधार विशेष महत्त्वाचा आहे. कारण प्रिन्स तेनिशेव्ह यानें स्थापिलेल्या लोकजीवनसंशोधन कचेरीकडे खेड्यापाड्यांतील वार्ताहरांनीं प्रश्नावलीबरहुकूम जीं उत्तरें पाठविलीं, त्यांवर तो ग्रंथ रचलेला आहे.

या सर्व योनींचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग स्थानाच्या धन्यांचा. घरांत ‘दोमोव्होय’ असतो. त्याची जागा मोठ्या भट्टीवजा चुलीच्या मागें किंवा खालीं. त्याचें नांव घेण्याचें टाळून त्यास ‘आजोबा’ किंवा ‘धनी’ म्हणतात. तो घोड्यागुरांची निगा ठेवतो. आवडत्या घोड्याच्या आयाळीची वेणी घालतो, नावडत्यास रात्रभर दमवून घामाघूम करतो. कुटुंब नव्या घरांत जावयास निघालें कीं जुन्या चुलींतील निखारे मडक्यांत घालून नव्या चुलींत नेतात व त्यांबरोबर त्यासही चलण्याची विनंति करतात. कित्येक ठिकाणीं त्याच्यासाठीं सालीचा जुना जोडा वाहनादाखल नेण्याची चाल आढळते. धान्याच्या पेंढ्या विस्तवावर शेकून सुकविण्याच्या कोठारांत ‘ओव्हिन्निक’ असतो. अशीं कोठारें वारंवार आगींत सांपडत, म्हणून घरच्या धन्यापेक्षां याचें भय अधिक. वाफेच्या न्हाणीघरांत ‘बान्निक’ असतो. शेवटची पाळी त्याची म्हणून तेथें पाणी ठेवून माणसें निघून जातात. खेड्यांतील बाळंतपणें पुष्कळदां याच जागीं होत, आणि तेथें बाळंतिणीस एकटी सोडूं नये असा नियम होता. रानांत ‘लेशी’ असतो. तो झाडांत झाडाएवढा व गवतांत गवताएवढा होतो, आणि वाटसरूस चकवितो. चकलेल्या माणसानें अंगावरील कपडे उलटे करून घालावे म्हणजे वाट सांपडते. पाण्यांत ‘व्होद्यानोय’, व त्याच्याशीं पाणचक्कीवाल्यांचें सख्य. भर दुपारीं शेतांत काम करणारास ‘पोलुद्निट्सा’ गांठते. दक्षिणेकडील सर्ब, क्रोआट व बल्गार लोकांत डोंगर, ढग व पाणी यांच्या ठायीं ‘व्हिला’ नांवाच्या रूपवती स्त्रिया वास करतात. वीरगीतांत त्या वीरांच्या मानलेल्या बहिणी होऊन त्यांच्या जखमा बऱ्या करतात, आणि रागावल्या म्हणजे बाण मारतात.

दुसरा वर्ग मृतांचा. त्याची उपपत्ति दिमित्रि झेलेनिन यानें १९१६ सालीं मांडली व ती आजही या विषयाचा पाया समजली जाते. त्यानें असें दाखविलें कीं, रशियन शेतकरी मृतांचे दोन भेद करतो. वय होऊन मेलेले ते पितर. त्यांस वर्षांतून ठराविक दिवशीं अन्न पोंचवावयाचें. बुडून, गळफास घेऊन, खून होऊन, मद्यपानानें अगर शापानें मेलेले ते मात्र आपलें उरलेलें आयुष्य मृत्युस्थानाजवळच काढतात व जिवंतांस पीडा देतात. अवगतीस गेलेल्या अशा प्रेतांस भूमि पोटांत घेत नाहीं, आणि बळेंच पुरलें तर अवर्षण किंवा हिंव पाडून सूड घेते, अशी समजूत होती. म्हणून त्यांस न पुरतां फांद्यांनीं झांकून ठेवीत. शहरांत त्यांच्यासाठीं उघडे खड्डे असत, व ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारीं, म्हणजे ‘सेमीक’ या दिवशीं, वर्षभराचीं प्रेतें एकदम पुरण्यांत येत. रुसाल्का व उपिर हीं नांवें याच वर्गांतील होत.

(३) परकीय व वृत्तांतकार

आतां साधनांचा क्रम घेऊं. सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपिअस याचा, इ. स. ५५० च्या सुमाराचा. स्लाव लोक विद्युत् निर्माण करणाऱ्या एका देवास सर्वांचा स्वामी मानून त्यास बैल बळी देतात, तसेंच नद्या, जलदेवता व इतर कांहीं योनी यांस भजतात व यज्ञाच्या वेळीं शकुन पाहतात, असें तो सांगतो. हा पुरावा समकालीन आहे. परंतु ‘जलदेवता’ यासाठीं त्यानें वापरलेला शब्द ग्रीक पुराणांतला आहे. मूळ स्लाव नांव कोणतें हें त्यावरून कळत नाहीं.

स्लाव भाषेंतील मूळ शब्द सांपडतो तो रशियन आद्यवृत्तांतांत. हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या आरंभीं कीव्ह येथें रचला गेला. त्यांत इ. स. १०९२ खालीं पोलोत्स्क (आजच्या बेलारूसमधील) नगराची हकीकत आहे. रात्रीं रस्त्यांत टापांचा व कण्हण्याचा आवाज होई. घराबाहेर डोकावणारास अदृश्य जखम होऊन तो मरे. पुढें दिवसांही हा प्रकार सुरू झाला, व घोडे न दिसतां नुसत्या टापा दिसत. त्याच वर्षीं रोगराई होती, आणि कीव्हमध्यें थंडीच्या थोड्या महिन्यांत सात हजार शवपेट्या विकल्या गेल्याचें विक्रेत्यांनीं सांगितल्याची नोंद शेजारींच आहे. या मजकुरांत दोन आवाज वेगळे ऐकूं येतात. वृत्तांतकार भिक्षु या प्राण्यांस स्वतःच्या शब्दानें ‘सैतानाचे दूत’ म्हणतो. परंतु लोक काय म्हणत होते हें नोंदतांना तो ‘नाव्ये’ म्हणजे ‘मेलेले’ हा शब्द देतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीनें तो सैतान होता. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें ते त्यांचेच मृत होते. अनवधानानें म्हणा किंवा प्रामाणिकपणानें म्हणा, भिक्षूनें दोन्ही मतें राखलीं. तथापि आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी दिनांकित प्रत लाव्हरेंती नांवाच्या भिक्षूनें १३७७ सालीं केलेली, म्हणजे घटनेनंतर २८५ वर्षांची आहे, हें विसरतां कामा नये.

(४) निषेधक लेखांचें मोल

यापुढील साधनें निषेधाचीं आहेत आणि, आश्चर्य वाटेल, पण तींच सर्वांत विश्वसनीय आहेत. जो उपदेशक एखादी चाल मोडूं पाहतो त्यास ती चाल खोटी रचण्याचें कारण नसतें. उलट श्रोत्यांस ओळख पटावी म्हणून त्यास त्यांचेच शब्द योजावे लागतात.

संत ग्रेगरीच्या नांवावर असलेलें मूर्तिपूजानिषेधाचें प्रवचन हें याचें प्रसिद्ध उदाहरण होय. मूळ ग्रीक प्रवचनाच्या भाषांतरांत अज्ञात रशियन लेखकानें स्वदेशीयांस अनुलक्षून भर घातली आहे. तींत स्लाव लोक आरंभीं ‘उपिर’ व ‘बेरेगिन्या’ यांस, नंतर ‘रोद’ व ‘रोझानित्सा’ यांस, व त्यानंतर पेरून देवास बळी देऊं लागले, असा क्रम सांगितला आहे. यावरून बोरिस रिबाकोव्ह यानें १९८१ सालीं स्लाव धर्माच्या कालखंडांची मोठी इमारत उभारली. परंतु उपदेशकाचा हेतु कालगणनेचा नव्हता. त्याच्या शब्दांवरून ‘उपिर’ हें नांव लोकांच्या तोंडीं होतें एवढें सिद्ध होतें. यापेक्षां अधिक भार त्या वाक्यावर घालणें योग्य नव्हे.

याउलट, अवगतीस गेलेल्या प्रेतांविषयींचा पुरावा पाहावा. १२७५ सालीं मरण पावलेला व्लादिमिर नगराचा बिशप सेरापिओन आपल्या एका प्रवचनांत बुडालेल्यांचीं व फास लागून मेलेल्यांचीं प्रेतें उकरून काढणाऱ्या लोकांस दोष देतो. पुढें १५१८ सालीं आथोस पर्वतावरून मॉस्कोस आलेला विद्वान् मॅक्सिम ग्रीक हाही हेंच लिहितो: लोक बुडालेल्यांस व मारल्या गेलेल्यांस मूठमाती देत नाहींत, रानांत टाकून भोंवतीं खुंट मारतात, आणि वसंतांत थंड वारे सुटले म्हणजे नुकतेंच पुरलेलें असें प्रेत उकरून दूर फेंकतात. झेलेनिननें एकोणिसाव्या शतकांतील अवर्षणांच्या वेळच्या हकीकती जमविल्या, त्यांतही दारूबाजांच्या व फाशी घेतलेल्यांच्या कबरी उकरल्याचे, किंवा त्यांत पाणी ओतल्याचे प्रकार आहेत. सहाशें वर्षांच्या अंतरानें दिलेल्या या साक्षी एकाच चालीविषयीं जुळतात, व साक्षीदारांपैकीं एकासही त्या चालीविषयीं ममत्व नव्हतें. पुराव्याची याहून बळकट सांखळी या विषयांत दुसरी नाहीं.

राजसत्ता व धर्मसत्ता यांचे दोन लेख यांस जोडतां येतील. सर्बियाच्या दुशान सम्राटाच्या १३४९ च्या कायदेसंहितेंत विसावें कलम असें आहे कीं, जादूच्या समजुतीनें कबरींतून प्रेतें काढून जाळणाऱ्या गांवानें खुनाइतका दंड द्यावा, आणि त्या कामीं हजर राहिलेल्या धर्मगुरूचें पद काढून घ्यावें. या एका वाक्यांत चाल आहे, गांवाची सामुदायिक जबाबदारी आहे, आणि धर्मगुरूही त्यांत सामील होत असत हा कबुलीजबाबही आहे. कारण जें घडतच नाहीं त्यास कोणी शिक्षा नेमीत नाहीं. दुसरा लेख मॉस्को येथील १५५१ च्या धर्मपरिषदेचा, ‘स्तोग्लाव’ म्हणजे शंभर प्रकरणांचा. त्यांत त्रित्वोत्सवाच्या आदल्या शनिवारीं स्त्रीपुरुष स्मशानांत जमून कबरींवर मोठ्यानें विलाप करतात, आणि गाणारेबजावणारे वाद्यें वाजवूं लागले कीं रडणें थांबवून नाचूं लागतात, अशी तक्रार नोंदली आहे.

(५) नांवांचे फसवे पुरावे

शब्द जुना सांपडला म्हणजे वस्तु जुनी सांपडली असें नव्हे. नोव्हगोरोडच्या व्लादिमिर यारोस्लाविच राजपुत्रासाठीं १०४७ सालीं नकललेल्या प्रेषितग्रंथाच्या पुष्पिकेंत लेखकानें स्वतःस ‘उपिर लिखी’ म्हटलें आहे. मूळ पोथी नष्ट झाली आहे. पुष्पिका पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या प्रतींवरून कळते. ‘उपिर’ या शब्दाचा हा सर्वांत जुना दाखला म्हणून ग्रंथोग्रंथीं दिला जातो, आणि एखाद्या धर्मगुरूनें स्वतःस ‘दुष्ट पिशाच’ कां म्हणावें याविषयीं तर्क चालतात. पुढें स्वीडिश पंडित आंदेर्स शोबेर्ग यानें असें सुचविलें कीं, हें ‘ओपिर’ या स्कँडिनेव्हियन विशेषनामाचें रशियन रूप असावें. या नांवाचा शिलालेख कोरणारा कारागीर अकराव्या शतकांत स्वीडनमध्यें खरोखर होऊन गेला. ही उपपत्ति सर्वमान्य नाहीं. तथापि ती शक्य आहे एवढ्यानेंच त्या पुष्पिकेचें पिशाचविषयक पुरावा म्हणून वजन पुष्कळ घटतें.

रुसाल्केचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. तिला अतिप्राचीन स्लाव जलदेवता समजण्याचा प्रघात आहे. परंतु तिचें नांव ‘रुसालिया’ या उत्सवावरून आलें, आणि तो शब्द रोमन लोकांच्या ‘रोझालिया’ म्हणजे कबरींवर गुलाब वाहण्याच्या उत्सवावरून बायझंटाइन मार्गानें स्लाव भाषांत शिरला. उत्सवाचा निर्देश जुन्या रशियन वृत्तांतांत आहे. रुसाल्का ही व्यक्ति ठळकपणें दिसूं लागते ती अठराव्या शतकापासूनच्या लेखांत. बुडालेल्या स्त्रियांच्या भुतांवरील विश्वास स्वदेशी व जुना, आणि त्यांचें नांव मात्र परदेशी व नवें, असा निष्कर्ष यांतून निघतो.

(६) अंमलदारांचे महजर

अठराव्या शतकांत या विषयास अगदीं निराळ्या प्रकारचें साधन लाभलें. १७१८ पासून १७३९ पर्यंत उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या अंमलाखालीं होता. १७२५ सालीं किसिल्येवो गांवीं पेतार ब्लागोयेव्हिच नांवाचा शेतकरी मेल्यावर आठ दिवसांत नऊ माणसें अल्प आजारानें दगावलीं, आणि मृत पेतार येऊन गळा दाबतो असें त्यांनीं मरतांना सांगितलें. फ्रॉम्बाल्ड नांवाच्या अंमलदारानें बेलग्रेडहून हुकूम येईपर्यंत थांबण्यास सांगितलें. पण गांवकरी गांव सोडून जाण्याची भाषा बोलूं लागले. तेव्हां त्याच्या समक्ष कबर उघडली, छातींत मेख ठोकली व प्रेत जाळलें. या कामीं कांहीं चुकलें असल्यास दोष आपला नसून भीतीनें वेड्या झालेल्या जमावाचा आहे, अशी पुस्ती त्यानें अहवालास जोडली. हा अहवाल त्याच वर्षाच्या जुलैंत व्हिएन्नाच्या वृत्तपत्रांत छापला गेला.

दुसरा महजर जानेवारी १७३२ चा, मेद्वेद्या गांवचा. लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्यूकिंगर यानें तो लिहिला व इतर वैद्य व अधिकारी यांनीं त्यावर सह्या केल्या. त्यांत दोन प्रकारचा मजकूर आहे, आणि तो वेगळा काढणें अत्यावश्यक आहे. आर्नोल्द पाओले नांवाचा इसम गाडीवरून पडून मेला व पिशाच झाला, ही हकीकत पांचसहा वर्षांपूर्वींची, गांवकऱ्यांकडून ऐकलेली आहे. उघडलेल्या कबरींतील प्रेतांची स्थिति मात्र वैद्यानें डोळ्यांनीं पाहिलेली आहे. फुगलेलें शरीर, तोंडाशीं रक्तासारखा द्रव, नवीं भासणारीं नखें हीं लक्षणें कुजण्याच्या नैसर्गिक क्रमांतच येतात, असें आधुनिक न्यायवैद्यकावरून आतां स्पष्ट झालें आहे. म्हणजे फ्ल्यूकिंगरनें पाहिलें तें खरें होतें. त्याचा अर्थ त्यास गांवानें दिला. या अहवालांमुळें ‘वांपिर’ हा शब्द युरोपच्या सर्व भाषांत पसरला. पुढें १७५५ सालीं मारिया थेरेसा हिनें आपला वैद्य गेरार्ड फान स्विटेन याच्या सल्ल्यानें असे प्रकार धर्माधिकाऱ्यांनीं परस्पर उरकण्यास बंदी केली.

(७) बनावट पोथ्या

जेथें अस्सल साधन दुर्मिळ, तेथें बनावट साधन पिकतें. प्राग येथील व्हात्स्लाव्ह हान्का याच्याशीं निगडित असलेलीं १८१७-१८ मधील दोन ‘प्राचीन’ चेक हस्तलिखितें बनावट असल्याचें १८८६ पासूनच्या वादांत गेबाउअर, मासारिक प्रभृति पंडितांनीं दाखविलें, हें प्रसिद्ध आहे. संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें असें उदाहरण मात्र ‘मातेर व्हेर्बोरुम’ या कोशाचें होय. ती लॅटिन पोथी तेराव्या शतकांतील व अस्सल आहे. तींतील कित्येक चेक टीपाही अस्सल आहेत. परंतु ओळींच्या मध्यें व समासांत नंतर असंख्य टीपा घुसडण्यांत आल्या, व त्यांत स्लाव देवदेवतांचीं नांवें आहेत. १८७७ सालीं आदोल्फ पातेरा यानें खऱ्याखोट्या टीपा निवडून वेगळ्या केल्या. तोंवर आफनास्येफसारख्या संग्राहकानें त्यांतील शब्द प्रमाण धरले होते, व तेथून ते पुढील पुस्तकांत उतरले. पोथी अस्सल ठरली म्हणजे तिच्यावरील प्रत्येक अक्षर अस्सल ठरत नाहीं.

आपल्याकडील वाचकांस मोह पडेल अशीं दोन पुस्तकें आणखी आहेत. स्तेफान व्हेर्कोव्हिच यानें १८७४ व १८८१ सालीं ‘वेद स्लोव्हेना’ या नांवानें प्रागैतिहासिक म्हणून जीं बल्गार गीतें छापलीं, तीं पुरविणाऱ्या शिक्षकाचीच रचना असावीं असें बहुतेक अभ्यासक मानतात. नांवांतील ‘वेद’ शब्दावरून आर्यसंस्कृतीचा कोणताही निष्कर्ष काढूं नये. तसेंच ‘वेलेसचा ग्रंथ’ हा १९१९ सालीं सांपडलेल्या लांकडी फळ्यांवरून उतरल्याचें सांगतात. पण त्या फळ्या कोणाही तज्ज्ञानें तपासल्या नाहींत, आणि १९६० सालीं झुकोव्हस्काया या विदुषीनें भाषेवरून तो बनावट असल्याचें दाखविलें. संस्कृत ‘भग’ व स्लाव ‘बोग’ (देव) या शब्दांचें नातें भाषाशास्त्रास मान्य आहे. तें दाखविण्यास बनावट वेदांची गरज नाहीं.

(८) उपसंहार

मराठ्यांच्या इतिहासांत अस्सल कागद व बखर यांचें तारतम्य ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस वरील विवेचनांतील क्रम सहज पटेल. या विषयांत पहिलें स्थान निषेधक प्रवचनांस, धर्मपरिषदांच्या तक्रारींस व कायद्याच्या कलमांस. दुसरें, पाहिलेलें व ऐकलेलें वेगळें काढून वाचल्यास, अंमलदारांच्या महजरांस. तिसरें एकोणिसाव्या शतकांतील प्रश्नावलींच्या उत्तरांस. आणि ज्यांत सर्व देवता सुबक कुलवृत्तांतासह एकत्र येतात अशा ग्रंथांस सर्वांत शेवटचें. निषेधकानें रागाच्या भरांत टिपलेला लोकांचा एक शब्द रसिकानें प्रेमानें रचलेल्या शंभर पानांहून अधिक साक्ष देतो.

पिशाचें खरीं कीं खोटीं हा वाद इतिहासाच्या कक्षेंतला नाहीं. त्यांचें भय खरें होतें, व त्याची किंमत खऱ्या माणसांनीं दिली. बुडून मेलेल्याच्या आप्तांस त्याची कबर राखतां आली नाहीं. किसिल्येवो व मेद्वेद्या येथील मृतांस, ज्यांचा अपराध केवळ साथीच्या दिवसांत मरण्याचा होता, दुसऱ्यांदां मारण्यांत आलें. दुशानाच्या कायद्यानें ज्यांचें रक्षण करूं पाहिलें तीं हींच माणसें. त्यांची हकीकत निषेधाच्या, दंडाच्या आणि तपासाच्या कोरड्या कागदांतच शिल्लक आहे. म्हणून अशा कागदांतील एकेक ओळ जपून वाचणें व खोटी ओळ निर्दयपणें काढून टाकणें, हें या विषयाच्या अभ्यासकाचें पहिलें कर्तव्य होय.